मळीच्या खड्ड्यातला पाहुणा

शुक्रवारी संध्याकाळी शिलाईघराच्या पायरीवर होबर्टने ऑर्फाला जे सांगितलं, ते शनिवारी सकाळपर्यंत टॅकेटांच्या खोऱ्यातल्या प्रत्येक चुलीपर्यंत पोचलं होतं. फक्त तिच्या सासऱ्यापर्यंत पोचलं नव्हतं. आणि ते पोचू नये म्हणून सगळे जण इतक्या मोठमोठ्याने हवापाण्याच्या गप्पा मारत होते की म्हाताऱ्याला संशय आलाच.

"आज पाऊस पडणार नाही हे सकाळपासून मला सगळ्यांनी सांगून झालं," डिलर्ड म्हणाला. "मी बहिराही नाही आणि ढगही नाही. काय लपवताय?"

तो काहिलीजवळ लांब दांड्याचा झारा घेऊन उभा होता. ज्वारीची गोड धाटं कापून, पानं सोलून चरकाशी रचून ठेवली होती. चरकाला जुंपलेलं खेचर सकाळपासून गोल फिरत होतं. त्याचं नाव डिलर्डने 'गव्हर्नर' ठेवलं होतं, कारण ते दिवसभर चालायचं आणि कुठेच पोचायचं नाही. चरकातून गळणारा हिरवट रस गोणपाटातून गाळला जाऊन काहिलीत पडायचा आणि एका टोकाला हिरवा असलेला रस आडव्या पट्ट्यांमधून वाट काढत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मधासारखा पिवळा व्हायचा. तापलेल्या रसातला गाळ गोळा होऊन वर येतो, ती मळी. ती वेळच्या वेळी काढून टाकली नाही तर काकवी कडवट होते. म्हणून काहिलीशेजारी गुडघाभर खोल खड्डा खणलेला असायचा, आणि झाऱ्याने उचललेली मळी सपकन त्यात पडायची.

ऑर्फाने नवऱ्याकडे पाहिलं. एस्टिल चुलाणाच्या तोंडाशी बसून लाकडं सारत होता, वाकडा पाय पुढे पसरून.

"सांगून टाक," तो म्हणाला. "संध्याकाळी होबर्टदाजी इथे जेवायला येणार आहेत. त्यांच्या तोंडून कळण्यापेक्षा आत्ता कळू दे. आत्ता बाबांच्या हातात फक्त झारा आहे."

"दाजी म्हणाले," ऑर्फा म्हणाली, "सोमवारी कामावर यायचं असेल तर नाव कोंबड्याकडे लावून ये. नाहीतर मशीन दुसरीला."



मतपत्रिकेच्या माथ्यावर दोन पक्षांची दोन चित्रं असत, एका बाजूला कोंबडा आणि दुसऱ्या बाजूला ओंडक्यांचं खोपटं. मतदारयादीत नाव लावतानाच आपला पक्ष कोणता ते लिहावं लागे. डिलर्डचा बाप लिंकनच्या फौजेतून एक कान गमावून परत आला, तेव्हापासून टॅकेट खोपट्याखालीच शिक्का मारत आले होते. कोंबडेवाल्यांच्या घरची मुलगी करायची वेळ आली तर आधी तिचा बाप खोपट्यात आणायचा, असा त्यांचा रिवाज. पण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुख्य गावात बसलेला पुढारी प्रुइट कोंबड्याचा होता. सरकारी रस्त्यावर फावडं कुणाच्या हाती जाणार, सरकारी शिलाईघरात मशीन कुणाला मिळणार, हे आपणच ठरवतो असं तो सगळ्यांना सांगायचा. होबर्ट रस्त्याच्या टोळीवरचा फोरमन, आणि या खोऱ्यातला प्रुइटचा माणूस. वर टॅकेटांचा जावई.

"कोंबडा!" डिलर्ड ओरडला. "माझ्या घरात!"

"बाबा, मळी," एस्टिल म्हणाला.

"मळी गेली खड्ड्यात!"

"तिथेच जायची असते. पण आधी काढावी लागते."

डिलर्डने झारा मारला. अर्धी मळी खड्ड्यात गेली, अर्धी त्याच्या बुटावर पडली.

"नवा कायदा झालाय ना ऑगस्टात? दुकानात रेडिओवर मी माझ्या कानांनी ऐकलाय. मत बघून काम द्यायचं नाही, मत बघून काढायचं नाही. त्या होबर्टला कुणी सांगितलं नाही का?"

"सांगायला कशाला हवं? शिलाईघराच्या भिंतीला तो कागद दाजींनीच ठोकलाय," ऑर्फा म्हणाली. "पीठ, कपडे वाटतानासुद्धा पक्ष बघायचा नाही, बघितला तर तुरुंग, असं मोठ्या अक्षरात लिहिलंय. ठोकताना दाजींच्या अंगठ्यावर हातोडी बसली. तोच सुजलेला अंगठा माझ्यापुढे नाचवत त्यांनी मला सगळं सांगितलं."

एस्टिल हसला. मग त्याचं हसू ओसरलं. खाणीत त्याचा पाय चेंगरल्यापासून घरात येणारा पगार एकच होता, आणि तो ऑर्फाच्या मशीनवरून यायचा. कामावर घालायच्या जाड डंगऱ्या, सदरे, लहान मुलांचे झगे. सरकार कापड पुरवायचं, बायका शिवायच्या, आणि कपडे गरजू घरांत वाटले जायचे. टॅकेटांचं घर गरजूंत मोडत नव्हतं. का मोडत नव्हतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझं ऐक," एस्टिल हळूच म्हणाला. "नाव लाव कोंबड्याकडे. शिक्का मारताना तर पडदा असतो. पडद्याआड कुठेही मार."

"ऐकलं मी ते!" डिलर्ड म्हणाला.

"तुम्ही ऐकावं म्हणूनच हळू बोललो."

"लिंकनच्या शिपायाचा नातू!"

"लिंकनने पीठ पाठवलं तर मी ते नाकारणार नाही, बाबा. पण तो पाठवत नाहीये."

ऑर्फाने हातातला कोयता खाली ठेवला. "मला खोटं लिहायचं नाही," ती म्हणाली. "आणि खरंही कुणाला सांगायचं नाही. मी शिवते चांगलं. माझ्या शिवणीवर बोट ठेवा आणि मग मला काढा. शिक्क्याचा आणि शिवणीचा काय संबंध?"

"शाब्बास सूनबाई!" डिलर्ड म्हणाला. "खोपट्याची सून शोभतेस."

ऑर्फा काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात पोरांनी आरोळी ठोकली. ओढ्यापलीकडून कुणीतरी येत होतं.

पाहुणा तरुण होता, सडपातळ, करडा सूट घातलेला. बूट हातात धरून तो ओढा ओलांडत होता, म्हणजे गाडी खाली रस्त्यावरच सोडून आला असणार. अलीकडे आल्यावर दगडावर बसून त्याने मोजे चढवले, बूट चढवले, नाड्या नीट बांधल्या. ते बघूनच डिलर्डची चर्या उजळली. मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

"बायबल विकणारा," त्याने कुजबुजत निदान केलं. "नाहीतर शिलाई मशीन."

"बाबा, नको," ऑर्फा म्हणाली. पण तिलाही हसू येत होतं. काकवीच्या दिवशी आलेल्या नव्या माणसाचं स्वागत या खोऱ्यात एकाच रीतीने होई, आणि ती रीत मोडणं म्हणजे पाहुण्याचा अपमान असं डिलर्डचं ठाम मत होतं. तिच्या लग्नाच्या वर्षी तिचंही असंच स्वागत झालं होतं.

पोरांनी तोवर सोललेल्या पानांचा एक भारा खड्ड्यावर पसरून टाकला होता.

"या, या!" डिलर्ड म्हणाला. "अहो, तिकडे धुरात कशाला उभे राहता? डोळे जातील. इकडे या, या बाजूला. अजून थोडं. हां, त्या पाल्यावर, तिथे स्वच्छ आहे."

पाहुण्याने टोपी काढली, आभार मानले आणि स्वच्छ जागेवर पाय ठेवला.

चपकन आवाज झाला. हिरव्या, कोमट, फेसाळ मळीत तो गुडघ्यापर्यंत गेला, तोल सावरताना दुसरा पायही आत गेला, आणि हातातली टोपी मात्र त्याने शर्थीने डोक्याच्या वर उंच धरून वाचवली. चरकाजवळची पोरं गडबडा लोळली. एस्टिलच्या डोळ्यांतून पाणी आलं. डिलर्डने अत्यंत गंभीरपणे झारा खांद्याला लावून सलामी दिली.

"आता तुम्ही घरचे झालात," तो म्हणाला. "जेवूनच जायचं."

पाहुणा क्षणभर खाली बघत राहिला. मग तो वाकला, मळीत बोट बुडवून त्याने चाखलं आणि म्हणाला, "अजून तयार नाही वाटतं."

डिलर्डला तो तिथेच आवडला.

ऑर्फा त्याला झऱ्यावर घेऊन गेली. तो पाय धूत होता, आणि ती त्याच्या पँटचं कापड बघत होती. चांगली लोकर. मळीचा डाग गार पाण्याने जाईल, पण वाळायला सकाळ होईल.

"तुम्ही विकता काय?" तिने विचारलं.

"काही नाही. मी ऑर्फा टॅकेट यांना शोधतोय. शिलाईघरात काम करतात त्या."

"का?"

"सरकारकडून आलोय. लुइव्हिलहून. कामावरच्या माणसांना कुणी मतासाठी धमकावतंय का, त्याची चौकशी करायला. गावात विचारलं तर कुणीच काही बोललं नाही, पण तीन जणांनी तुमच्याच... त्यांच्याच नावाकडे बोट दाखवलं." तो थांबला. "तुम्हीच का त्या?"

ऑर्फा झऱ्याच्या काठावर बसली. सरकारचा माणूस येणार अशी अफवा महिनाभर होती. सगळ्यांच्या कल्पनेतला तो माणूस जाडजूड होता, चिरूट ओढणारा, काळ्या मोटारीतून येणारा. या माणसाच्या पोटऱ्यांना तर अजून हिरवा फेस चिकटलेला होता.

"आधी पँट द्या," ती म्हणाली. "माणूस ओल्या कपड्यात चौकशी करायला लागला तर उत्तरंही ओलीच मिळतात. दुसरं काहीतरी आणते."

एस्टिलची पँट या माणसाला दोनदा गुंडाळावी लागली असती. ती विचार करत होती तोच झेल्मा टोपली घेऊन खालून आली. झेल्मा एस्टिलची मोठी बहीण, होबर्टची बायको. तिने वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक आणला होता. कालपासून ती ऑर्फाशी जरुरीपेक्षा गोड बोलत होती आणि तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

"वन्सं, दाजींची एखादी डंगरी आहे का? बाबांनी पाहुणा बुडवला."

"आमच्याकडे तीन पडून आहेत कोऱ्या. घडीसुद्धा मोडली नाही अजून. थांब." टोपलीतला केक ज्या कपड्याने झाकला होता तोच तिने ओढून काढला. ती खरोखरच एक नवी कोरी डंगरी होती. "कापड जाड आहे, केक गरम राहतो."

ऑर्फाने शिवण ओळखली. खिशाच्या कोपऱ्यावरचा तो दुहेरी टाका तिचाच होता.

झाडाआड उभ्या असलेल्या पाहुण्याने हात लांब करून डंगरी घेतली. "फार आभार," त्याचा आवाज आला. "ही दुकानातली?"

"छे! सरकारी. वाटपातली."

"तुमच्या यजमानांना पगार नाही वाटतं?"

"आहे की, फोरमन आहेत! तरी तीन मिळाल्या. वर ती मोठाल्या संत्र्यांसारखी पिवळी कडू फळंसुद्धा मिळाली पोतंभर, देव त्यांचं भलं करो. दोन तास उकडली तरी शिजेनात."

"आणि इथल्या घराला?"

"यांना कशी मिळतील?" झेल्मा आश्चर्याने म्हणाली. "हे खोपट्याचे." ओढा उताराकडे का वाहतो असं कुणी विचारावं, तसा तिचा सूर होता. मग तिने टोपली उचलली आणि मक्याच्या भाकऱ्या थापायला निघून गेली.

झाडाआड डंगरीची बक्कलं वाजली.

"दाजी मनाने वाईट नाहीत," ऑर्फा म्हणाली. आपण हे का बोललो ते तिला कळलं नाही.

पाहुणा कोण आहे ते तिने एस्टिलला सांगितलं, आणि एस्टिलला काही सांगायचं म्हणजे पलीकडे उभ्या डिलर्डला सांगणंच होतं. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला की ऑर्फाला धडकी भरली.

"कुणी काही बोलायचं नाही," डिलर्ड म्हणाला. "झेल्मालाही नाही. जावईबापूंना येऊ दे. त्यांना गप्प बसवत नाही हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. आपण फक्त मळी काढायची."

"बाबा, ताईचा नवरा आहे तो."

"आणि ही माझी सून आहे. तिचं मशीन जातंय. मी कुणाला खड्ड्यात ढकलत नाहीये. मी फक्त पाला पसरतोय."

"तुरुंग आहे त्यात, बाबा."

"मग त्याने भिंतीवरचा कागद वाचायचा होता! स्वतः ठोकलाय ना?"

 एस्टिलने आगीत लाकूड सारलं आणि नजर वर केली नाही. ऑर्फाला माहीत होतं त्याला काय आठवतंय. खाणीचं छत कोसळलं तेव्हा दुसऱ्या पाळीचे सगळे बाहेर पळाले होते. आत परत गेला तो होबर्ट. एस्टिलला पाठीवर घेऊन तो रांगत बाहेर आला होता, आणि वाटभर त्याला शिव्या देत होता, शुद्धीवर राहावं म्हणून.

पण मशीनही खरं होतं. सोमवार परवावर आला होता.

सूर्य डोंगराला टेकायच्या आधी होबर्ट आला. उंच, लाल चेहऱ्याचा, लांबूनच बोलत येणारा. अंगठ्याला फडकं होतं. ऑर्फाला बघताच तो अडखळला, मग दुप्पट मोठ्याने बोलू लागला. म्हाताऱ्याला रामराम, खेचराला रामराम, काकवीचा वास तर खिंडीपर्यंत येतोय! आणि मग त्याला धाटांच्या ढिगाजवळ, सरकारी डंगरी घातलेला, अनोळखी, सडपातळ तरुण दिसला. तो पोरांबरोबर सोललेलं धाट काहिलीत बुडवून फेस चाखत होता.

डिलर्ड एकदम काहिलीवर वाकला. त्याचे खांदे हलत होते.

"नवा दिसतोस," होबर्ट पाहुण्याशेजारी ओंडक्यावर बसत म्हणाला. "माझ्या टोळीत पाहिला नाही तुला. पुलाच्या कामावर लागलास का?"

"नाही, मी खरं तर..."

"मग लागशील. डंगरी मिळाली म्हणजे कामाच्या यादीत नाव लागलंय तुझं. ती कुणामुळे मिळाली माहीत आहे?"

"त्याबद्दलच मला..."

"ऐकून घे. मी तुला धाकट्या भावासारखं सांगतो. तू कोंबड्याचा की खोपट्याचा, मला काही देणंघेणं नाही. मनात काहीही ठेव. पण कागदावर कोंबडा पाहिजे. इथे असंच चालतं. नाव लावलं नाहीस तर सोमवारी तुझं फावडं दुसऱ्याच्या हातात."

"असं तुम्ही सगळ्यांना सांगता?"

"सगळ्यांना. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बायकोलाही काल सांगितलं. बघ, तिथे उभी आहे. असला टाका घालते की कापडाला कळत नाही सुई कुठून गेली. तिलाही सांगावं लागलं." त्याचा आवाज खाली आला. "रात्रभर झोपलो नाही."

डिलर्डने हातानेच ऑर्फाला खूण केली: गप्प. अजून थोडं.

"मग सांगितलंत कशाला?" पाहुण्याने विचारलं.

"मला सांगावं लागतं म्हणून! प्रुइटसाहेब दर शनिवारी विचारतात, होबर्ट, किती आणलेस? सासऱ्याचं घर अजून का राहिलं? फोरमन आहेस, की नुसता जावई आहेस? मी ते घर आणलं नाही तर..."

ऑर्फा आपण चालू लागलो हे समजायच्या आतच धाटांचा ढीग ओलांडून पोचली होती.

"दाजी, थांबा."

"थांब गं, मी या पोराला..."

"तो पोरगा सरकारचा माणूस आहे. लुइव्हिलहून आलाय. चौकशीला. बाबांनी त्याला मळीत बुडवला म्हणून त्याने तुमची डंगरी घातलीय."

होबर्ट ओंडक्यावरून ताडकन उठला. मागे डिलर्डने झारा आपटला. "सूनबाई! अजून एक मिनिट! अजून एकच मिनिट थांबली असतीस तर!"

"मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला," पाहुणा ओशाळून म्हणाला. "ते बोलू देत नव्हते."

"ते कुणालाच देत नाहीत," मागून आवाज आला. झेल्मा पिठाच्या हातांनी उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण तिच्या गालांवरचा रंग उतरला होता. "ऑर्फा, तू बोलावलंस याला? माझ्या नवऱ्याला तुरुंगात घालायला? माझ्याच केकवरचा कपडा घालून?"

"वन्सं, मी बोलावलं नाही."

"तिने नाही बोलावलं," एस्टिल म्हणाला. तो काठी टेकत उठला होता. "आणि तिने थांबवलं दाजींना. बाबा म्हणत होते थांबवू नको. मीही गप्प बसलो, ताई. लाज वाटतेय मला. तिचं मशीन जात होतं, तरी थांबवलं तिनेच."

झेल्माने ऑर्फाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग ती नवऱ्याकडे वळली.

"तिचं मशीन तू काढणार होतास? मला म्हणालास, नुसतं विचारून बघतोय!"

"झेल्मा, प्रुइटसाहेब..."

"केक मी प्रुइटसाहेबांकडे नेते, की इथे आणते? माझ्या भावाच्या घरातली चूल विझवून आपण ती कडू फळं उकडायची?" तिने पिठाचा हात हवेत उगारला, आणि होबर्ट खरंच मागे सरकला. "अहो सरकार, याला तुरुंगात न्यायचंय तर न्या. पण जेवून घ्या आधी दोघांनी."

पाहुण्याने ओंडक्यावर जागा केली. "बसा," तो होबर्टला म्हणाला. "तुम्हाला पगार कोण देतं?"

"सरकार."

"मग तुम्हीही कामावरचे. तुमची फोरमनकी मतांवर टांगून ठेवणारा माणूस, तुम्ही जे करत होतात तेच तुमच्याशी करतोय. कायदा भिंतीवर तुमच्यासाठीही लावलेला होता. तुम्ही केलं ते चूक आहे, आणि ते मी लपवणार नाही. फोरमनकी कदाचित जाईलही. पण वरून कोण दाबतंय ते तुम्ही सांगितलंत, तर मला प्रुइटपर्यंत जाता येईल. आजवर सगळे तुमच्यापाशीच येऊन थांबतात."

होबर्ट फडकं बांधलेल्या अंगठ्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला शब्द शोधावे लागत होते.

"तो कागद मी वाचला नव्हता," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे वाचला. पण मला वाटलं, तो फावडंवाल्यांसाठी. मी तर ठोकणारा." त्याने मान वर केली. "फोरमनकी गेली तर फावडं राहील ना?"

"राहील. ते कुणी काढू शकत नाही."

"मग लिहा. सगळं सांगतो. पण मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो."

एस्टिल फसकन हसला, आणि झेल्माही हसली, डोळे पुसत, गालाला पीठ लावून घेत. होबर्ट बोलत राहिला. गेल्या वर्षीच्या सिनेटच्या निवडणुकीपासूनचं सगळं निघालं, कुणाचं पीठ अडवलं, कुणाला पुलावरून काढलं, कुणी कबूल केलं आणि कुणी थुंकून निघून गेलं. सांगताना तो हळूहळू सैल होत होता. पोरांनी खेचर सोडलं. काहिलीच्या शेवटच्या कप्प्यात मोठे, संथ बुडबुडे बेडकाच्या डोळ्यांसारखे उघडमीट करू लागले. डिलर्ड चौकशी ऐकण्यात इतका गुंतला होता की एस्टिलला दोनदा हाक मारावी लागली, आणि काकवी उतरवली तेव्हा ती नेहमीपेक्षा एक छटा काळी झाली होती. त्यावर कुणीही बोललं नाही. म्हाताऱ्याने सगळ्यांकडे एकेक करून बघून तशी खात्री करून घेतली.

"आता तुम्ही," पाहुणा ऑर्फाकडे वळला. "सोमवारी मशीनवर बसा. कुणी अडवलं तर मला कळवा, मी बुधवारपर्यंत गावात आहे. फक्त एक प्रश्न विचारावा लागतो, नियम म्हणून. तुम्ही कुणाला मत देता ते मी विचारणार नाही, कुणालाच विचारता येत नाही. पण तुमच्या मतासाठी तुमच्यावर कुणी दबाव आणला का?"

"हो," ऑर्फा म्हणाली. "दोघांनी."

"एक हे," पाहुण्याने होबर्टकडे बोट केलं.

"एक दाजी."

"आणि दुसरा?" डिलर्ड तावातावाने पुढे आला. "कोण तो? नाव सांग, सूनबाई! घाबरू नकोस, मी उभा आहे इथे!"

"तुम्ही, बाबा."

आगीत एक ओलं लाकूड फुटलं. 

"मी? मी तुला धमकी दिली कधी?"

"धमकी नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या खोऱ्याला सांगितलंत, आमच्या घरात एक मत वाढलं. मला विचारलं नव्हतं. नंतरही कधी विचारलं नाहीत. आज सकाळी मी म्हणाले, मला कुणाला सांगायचं नाही, तर तुम्ही लगेच म्हणालात, खोपट्याची सून शोभतेस." तिचा आवाज शांत होता, पण हात एप्रनच्या टोकाशी चाळा करत होते, तसे ते टाका उसवताना करत. "मी खोपट्याची असेन. नसेनही. तुमच्यावर माझा राग नाही, बाबा. पण विचारलंय यांनी, म्हणून सांगते."

पाहुण्याने पेन्सिल कानावर अडकवली. "हे मी लिहीत नाही," तो म्हणाला. "सासऱ्यांसाठी अजून कायदा नाही."

होबर्टने मांडीवर थाप मारली. त्याचा सुजलेला अंगठाच मांडीवर आपटला, आणि तो ओरडत, हसत उभा राहिला. झेल्मा तोंडावर हात धरून हसत होती. एस्टिलने वडलांकडे बघायचं टाळलं, पण त्याची काठी थरथरत होती.

डिलर्ड मात्र हसत नव्हता. तो सुनेकडे बघत होता, एखाद्या ओळखीच्या डोंगराला अचानक दुसऱ्या बाजूनेही चढण आहे हे कळल्यासारखा. त्याने तोंड उघडलं.

"मग या नोव्हेंबरात तू..."

पुढचे शब्द त्याच्या ओठांवर आलेले सगळ्यांना दिसत होते. इतक्या वर्षांत निवडणुकीबद्दलचं एकही वाक्य डिलर्ड टॅकेटने अर्धवट सोडलं नव्हतं. पाचही जण वाट बघत राहिले. म्हाताऱ्याचा जबडा एकदा हलला, दोनदा हलला, आणि ते शब्द त्याने गिळले.

"भाकरी वाढ झेल्मा," तो म्हणाला. "आणि हिला आधी वाढ."